डावीकडचे पाणी

सहाला दहा मिनिटे कमी असताना ऑफेलिया ब्राकालेंती उठली. तिने किटली गॅसवर ठेवली आणि तळाशी बारीक बुडबुडे धरू लागताच, पाणी उकळायच्या आत, उतरवली. माते, म्हणजे कडवट पाल्याचा चहा, तिने भोपळ्याच्या पेल्यातून तीनदा, ओट्याशी उभ्यानेच प्याला. बसून माते पिणे हे सोबत असलेल्या माणसांचे काम, असे तिचे मत होते. मग मागच्या पडवीत जाऊन कपडे धुण्याच्या हौदावरच्या खिळ्याला टांगलेला पोहण्याचा मास्क तिने काढला. काळ्या रबरावरची टाल्कम पावडर दोन बोटांनी पुसली, काचेभोवतीच्या पितळी कड्याचा स्क्रू अंगठ्याने दाबून पाहिला. स्क्रू घट्ट होता. चौपन्न वर्षे तो घट्टच होता, आणि चौपन्न वर्षे ती तो रोज दाबून पाहत होती.

घरापासून लाटा अडवणाऱ्या बांधापर्यंत अडीच गल्ल्या. बांधावर गळ टाकून बसलेल्या दोघांपैकी एकाने नेहमीप्रमाणे विचारले, "सेन्योरा ऑफेलिया, पाणी कसंय आज?"

"ओलं," ती नेहमीप्रमाणे म्हणाली.

नोव्हेंबरातले, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरच्या मार देल प्लाताचे पाणी हाडे मोजून घेते. एकाहत्तराव्या वर्षी ऑफेलिया त्यात बांधाच्या टोकापर्यंत जाई, तिथे तरंगणाऱ्या लाल बोयाला हात लावी आणि परत येई. खाली खडकांवर शिंपल्यांच्या काळ्या रांगा होत्या, एखादा खेकडा होता, कधीमधी एखादा समुद्रसिंह येऊन तिच्याकडे नातेवाईकासारखे निरखून जाई. घरी आल्यावर ती मास्क गोड्या पाण्यात धूत असे, सावलीत वाळवत असे, टाल्कम लावून खिळ्याला टांगत असे. ही तिची पूजा नव्हती, निष्ठा नव्हती, आठवणीही नव्हत्या. भांडी घासण्यासारखे ते एक काम होते.

त्या रविवारी मास्क धुऊन होतो न होतो तोच फोन वाजला.

"ऑफेलिया," तिच्या धाकट्या भावाचा, अतीलिओचा, आवाज घोगरा झाला होता, "आत्ताच्या आत्ता ये. कपाट उघडलंय."

"कोणी मेलं का?"

"तसंच समज."

*

कपाट अतीलिओच्या जेवणाच्या खोलीत होते. अक्रोडाच्या लाकडाचे, धुरकट काचेचे, आत गर्द लाल मखमल. पोहण्याचे मास्क बनवणाऱ्या 'तोनिना' कारखान्याचे संस्थापक, म्हणजे अतीलिओचे आणि ऑफेलियाचे वडील सेन्योर सेत्तीमिओ, यांच्या जन्मशताब्दीला, नऊ वर्षांपूर्वी, त्याने ते कुलूपबंद केले आणि किल्ली स्वतःच्या घड्याळाच्या साखळीत अडकवली. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो त्या बंद कपाटासमोर नेई, आवाज खाली आणी आणि सांगे, "आत पहिला मास्क आहे." पाहुणा धुरकट काचेतून दिसणाऱ्या पितळी कड्याकडे बघून मान डोलवी. देशातल्या अर्ध्या किनाऱ्याला पाण्याखाली डोळे देणाऱ्या कारखान्याचे एवढे तरी उरले आहे, याचे समाधान अतीलिओला त्या डोलणाऱ्या मानांतून मिळत असे. कारखाना त्याच्याच हातात असताना बंद पडला होता. हे त्याला कोणी बोलून दाखवत नसे. पण न बोललेल्या वाक्याची सवय माणसाला होत नाही.

आज सकाळी आठ वाजता त्याने समारंभपूर्वक कुलूप काढले. उद्या, सोमवारी, रोम्पिएन्ते जलतरण क्लबात 'संस्थापकांचे दालन' उघडायचे होते आणि मधल्या काचपेटीत तो मास्क ठेवायचा होता. दार उघडताच आधी वास आला: गंधक आणि शिळी कोशिंबीर. मग त्याने मास्क उचलायला हात घातला, तेव्हा मखमलही सोबत उचलली गेली. काच शाबूत होती, पितळ शाबूत होते. रबराचे मात्र शाईत शिजवलेल्या माकुळासारखे काहीतरी झाले होते.

त्याची मुलगी लोरेना एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. तिने त्या लगद्यात बोट घातले, नाकाशी नेले आणि आईकडे वळली.

"आई, याला काय लावलंस?"

"मी?" मिर्ता हातातली रवीओलीची, सारण भरलेल्या पास्त्याची, परात खाली न ठेवता म्हणाली, "चांगलं ऑलिव्हचं तेल. मेन्दोसाहून माझ्या बहिणीने पाठवलेलं. कपाट बंद करायच्या आदल्या दिवशी दोन हात लावलं. चकाकलं पाहिजे ना?"

"रबराला तेल?"

"तुझ्या बाबांच्या बुटांनाही तेच लावते."

"बूट कातड्याचे असतात, आई. रबर तेल पितं, फुगतं आणि मग वितळतं."

"मग मला आधी कोणी सांगितलं? एकेचाळीस वर्षं मी या घरात रबराच्या गोष्टी ऐकतेय. तुझ्या आजोबांनी साचा कसा केला, पापा किती महान होते. तेल लावू नये, एवढं एक वाक्य कोणाच्या तोंडून बाहेर पडलं नाही!"

हे खरे होते.

ऑफेलिया आली तेव्हा केस अजून ओले होते. तिने कपाटात डोकावले आणि म्हणाली, "बिचारं."

"बिचारं काय म्हणतेस!" अतीलिओ ओरडला. "वारसा आहे तो!"

"म्हणूनच म्हटलं."

*

बाराच्या सुमारास फाबियान आला. थोरल्या भावाचा, दिवंगत रेन्झोचा मुलगा; वय सेहेचाळीस, क्लबाच्या समितीचा सभासद. रेन्झो ब्राकालेंतीने एकेकाळी उघड्या समुद्रातल्या शर्यती जिंकल्या होत्या आणि फाबियान रेन्झोची हुबेहूब प्रत होता: तेच रुंद कपाळ, तोच सरळ जबडा, बोलण्याआधी खालचा ओठ आत घ्यायची तीच सवय. बंदरावर म्हातारे कोळी त्याला थांबवून म्हणत, "अरे, रेन्झोच आला!" स्वतःचा असा फारसा पराक्रम नसलेल्या फाबियानला हे पुरत असे. त्याने वडिलांचा चेहरा जपून वापरला होता, जसा एखादा माणूस एकच चांगला कोट वापरतो.

त्याच्या हातात दालनाचे छापील कार्ड होते. मास्कची बातमी कळायच्या आतच त्याने ते उत्साहाने वाचून दाखवले:

"'तोनिना' मास्क, नमुना क्रमांक एक. जलतरणपटू रेन्झो ब्राकालेंती यांच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्यातून सेन्योर सेत्तीमिओ ब्राकालेंती यांनी घडवलेला. जतन: ब्राकालेंती कुटुंब."

मिर्ताने परातीवर फडके टाकले.

"काय झालं?" फाबियानने विचारले.

"शेवटची ओळ बघायची आहे?" लोरेना म्हणाली आणि तिने त्याला कपाटाशी नेले.

*

टेबलावर रवीओली आल्या तरी मिर्ताच्या पानात अजून काही पडले नव्हते. या घरात तिने एकेचाळीस वर्षे सगळ्यात शेवटी वाढून घेतले होते. आज मात्र प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता, आणि बघत नसल्यासारखे दाखवत होता; त्यामुळे तिला ते दुप्पट जाणवत होते. तेलाची बरणी स्वयंपाकघरातून उचलून कोणीतरी कपाटाजवळ ठेवली होती, खुनाच्या जागी सुरी ठेवावी तशी. बहुधा अतीलिओनेच.

ब्राकालेंतींच्या घरी महत्त्वाचे निर्णय रविवारच्या जेवणात होत. सेन्योर सेत्तीमिओंच्या काळात कारखान्याच्या सभा याच टेबलाशी भरत आणि मत द्यायचे म्हणजे काटा वर करायचा. काट्याला खाणे टोचलेले असेल तर ते मत धरायचे नाही, हा नियमही त्यांचाच; कारण एकदा रेन्झोने तोंडाकडे घास नेता नेता एक यंत्र विकत घेण्याला मान्यता देऊन टाकली होती.

"आपण क्लबाला सांगू," लोरेना म्हणाली, "की मास्क खराब झाला. फ्लिपर आहेत, स्नॉर्कल आहेत. ते ठेवा."

"फ्लिपर!" अतीलिओने सुस्कारा सोडला. "पाय कोणाचेही असतात, लोरेना. मास्क म्हणजे चेहरा. आणि उद्या फाबियान तो घालून तलावात उडी मारणार आहे. रेन्झोच्या चेहऱ्याचा मास्क, रेन्झोचा चेहरा असलेला मुलगा. छायाचित्रकार येणार आहे."

तेव्हा मिर्ता बोलली. आवाज मुद्दाम साधा ठेवून, सॉसची वाटी पुढे सरकवत.

"एवढं काय डोकं धरून बसलात? ऑफेलियाकडे आहे ना एक. पहिल्या डझनातलाच. आणि धडधाकट."

टेबलाभोवतीची सगळी डोकी तेलावरून उठून ऑफेलियाकडे वळली. मिर्ताने पहिल्यांदा स्वतःला वाढून घेतले.

"मी पोहते त्यात," ऑफेलिया म्हणाली.

"तेच तर चुकतंय!" अतीलिओचा चेहरा उजळला. सकाळपासून त्याला कोणाला तरी काहीतरी समजावून सांगायचे होते. "ऐतिहासिक वस्तू अशी रोज खाऱ्या पाण्यात बुडवतात का? ती जपून ठेवायची असते."

"तू जपून ठेवलास," ऑफेलियाने कपाटाकडे हनुवटीने इशारा केला.

लोरेना हसली, फाबियानही हसला असता, पण काकांच्या शेजारी बसला होता.

"बाबा, वापरला म्हणूनच तो टिकलाय," लोरेना म्हणाली. "धुतला, वाळवला, टाल्कम लावलं. हातात राहिलेलं रबर—"

"तू शाळेत शिकव. ऑफेलिया, हे बघ. तुला नवीन घेऊन देऊ. सिलिकोनचा. पारदर्शक! हल्ली सगळे तेच घालतात."

"मला हल्लीचं काय करायचंय? माझ्या तोंडाला हा बसतो."

"कोणालाही बसतो! तोनिना सगळ्यांना बसायचा!"

ऑफेलियाने पाव तोडला. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडले, समोर बसलेल्या फाबियानच्या खालच्या ओठाकडे पाहिले आणि तो पावच तोंडात घातला.

"मत घेऊ," अतीलिओ म्हणाला. "मास्क क्लबाला द्यायचा. काटे वर."

अतीलिओचा काटा वर गेला. मिर्ताचाही. फाबियानने आत्याकडे पाहिले. "आत्या, काय आहे, कार्डावर पप्पांचं नाव आहे गं. एवढंच." आणि त्याने काटा उचलला. लोरेनाने चमचा उचलला आणि "मी तटस्थ" असे जाहीर केले. ऑफेलियाच्या काट्याला रवीओली टोचलेली होती.

"तीन," अतीलिओ म्हणाला. "मंजूर."

*

जेवण झाल्यावर अतीलिओने ऑफेलियाच्या घरून मास्क आणवला. म्हणजे ऑफेलिया स्वतःच जाऊन घेऊन आली, कारण तिच्या पडवीत दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला चालत नसे. अतीलिओला उद्याच्या उडीची रंगीत तालीम हवी होती. मागच्या अंगणात कपडे धुण्याचा सिमेंटचा हौद होता. तो काठोकाठ भरला.

"जेवल्या जेवल्या पाण्यात नको," ऑफेलिया म्हणाली. "दोन तास जाऊ देत. पोटात गोळा येईल."

"हौदात कोण बुडतंय, ऑफेलिया? फक्त तोंड घालायचंय."

"तरी. उद्याच बघा ना."

ती इतकी का अडवते आहे, हे लोरेनाला कळेना. आत्या आयुष्यात कधी पोटातल्या गोळ्याला घाबरली नव्हती.

फाबियानने मास्क लावला, पट्टा मागे ओढला आणि तोंड पाण्यात घातले. दहा आकडे मोजून वर आला. वर येताच त्याची मान आपोआप डावीकडे कलली आणि डाव्या गालावरून पाण्याची धार खाली आली. डोळा लाल झाला होता.

"येतं थोडं," तो म्हणाला.

"येणारच!" अतीलिओ उत्साहाने म्हणाला. "माहितीपत्रकात लिहिलेलंच आहे." आणि त्याने पाठ म्हटले, डोळे मिटून: "'डाव्या बाजूने प्रवेश करणारे अल्प पाणी हे काचेवरील धुके धुऊन काढण्यासाठी हेतुपुरस्सर योजलेले आहे.'" ते वाक्य त्याने अठराव्या वर्षी लिहिले होते. त्याच्या नावावर जमा असलेले एकमेव साहित्य.

लोरेनाला एकाएकी लहानपण आठवले: उन्हाळ्यात पाण्यातून वर येणारे वडील, काका, सगळ्यांच्या माना डावीकडे. तिला वाटे, ब्राकालेंतींची ती पद्धत असावी. पुढे किनाऱ्यावरच्या परक्या माणसांनाही तिने तसेच करताना पाहिले, तेव्हा वाटले, समुद्राची ती पद्धत असावी. कारखाना बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी या किनाऱ्यावरचे साठीच्या पुढचे पुरुष अंघोळ करून बाहेर येतानाही मान डावीकडे झटकत.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "साचा रेन्झोकाकांच्या चेहऱ्याचा ना?"

"मग कोणाच्या?"

"आणि फाबियानचा चेहरा तोच."

"छापाचाच!"

"मग गळतो कसा?"

फाबियानने मास्क काढून हातात घेतला.

"पट्टा सैल असेल," अतीलिओ म्हणाला. "आण इकडे." त्याने स्वतः मास्क लावला, तोंड बुडवले, आणि मान डावीकडे टाकत वर आला. मिर्ताने, आज केलेले केस विसरून, लावून पाहिला. ती ओरडतच वर आली, पाणी तिच्या नाकात गेले होते. लोरेनाचाही गळला. प्रत्येक वेळी डावीकडे, गालाच्या हाडाच्या वर, एकाच जागी.

"आत्या, आता तू," लोरेना म्हणाली.

"मला काय, मी रोज घालते."

"म्हणून तर."

"राहू दे गं."

"आत्या," फाबियान म्हणाला. त्याच्या डाव्या डोळ्यातून अजून पाणी येत होते. "घाल."

तिने मास्क घेतला. पट्टा मागे टाकला, पण ओढला नाही. नुसता चेहऱ्याला लावला आणि तोंड पाण्यात घातले. वीस झाले. तीस झाले. पस्तीसला ती सरळ वर आली, मान न कलवता, आणि मास्क काढला. आतली काच कोरडी होती. डोळ्यांखालच्या सुरकुत्याही कोरड्या होत्या.

लोरेनाने मास्क हातात घेतला. रबराच्या कडेवर आतल्या बाजूला, डावीकडे, एक फुगवटा होता, अंगठ्याच्या पेराएवढा. मग तिने आत्याच्या डाव्या गालाकडे पाहिले. नवव्या वर्षी होड्या चढवायच्या उतारावर ऑफेलिया घसरली आणि लोखंडी कड्यावर आपटली, तेव्हापासून तिथे एक खळगा होता. इतका जुना खळगा की कोणाला दिसतच नसे.

फाबियानने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो लिंबाच्या झाडाकडे चालू लागला.

*

अतीलिओ हौदाच्या कठड्यावर बसला. त्याला सगळे माहीत होते. साचा घेतला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि प्लास्टर त्यानेच कालवले होते. रेन्झोला आधी झोपवले होते, पण प्लास्टर चेहऱ्यावर पडताच तो उठून बसला. खुल्या समुद्रात मैलोन्‌मैल पोहणाऱ्या त्या पोराला नाकात नळ्या घालून पडून राहणे जमेना. तीन वेळा प्रयत्न झाला. चौथ्या वेळी ऑफेलिया म्हणाली, "सरका, मी झोपते." सतरा वर्षांची होती. साचा उत्तम आला. तेव्हा पापांनी हात पुसत सांगितले, "पोरीच्या तोंडाचा मास्क कोणता कोळी घालेल? रेन्झोचा आहे म्हणायचं." जाहिरातीत मिशीवाला माणूस छापला. आणि मग देशभरातल्या मिश्यावाल्या माणसांच्या डाव्या डोळ्यांत पाणी जाऊ लागले.

"तू सांगितलं का नाहीस कधी?" लोरेनाने विचारले.

"मी माहितीपत्रक लिहिलं," अतीलिओ म्हणाला. एवढ्या वर्षांत प्रथमच ते वाक्य त्याला स्वतःला विनोदी वाटले, आणि विनोद त्याला झेपेना. तो उठला. "ते काही असो. कार्ड छापून झालंय. क्लबाच्या अध्यक्षांनी वाचलंय. घरातली गोष्ट घरात. मास्क उद्या जाईल, कार्ड आहे तसं राहील, उडी रद्द. मिर्ता, कॉफी."

"बाबा, हे खोटं आहे."

"हे छापील आहे," अतीलिओ म्हणाला.

*

लिंबाखाली ऑफेलिया फाबियानच्या शेजारी बाकावर बसली.

"राग आला?" तिने विचारले.

"कोणाचा येणार? तुझा? तू तर चौपन्न वर्षं गप्प बसलीस." त्याने ओठ आत घेतला. "माझ्यासाठी?"

"आधी पापांसाठी. मग रेन्झोसाठी. मग तो गेला, तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास आणि लोक तुला रस्त्यात थांबवायचे. त्यांना काय सांगू, मास्कचा चेहरा माझा आहे म्हणून? मला माझा होताच की."

"म्हणजे पप्पांचं त्यात काहीच नाही."

"कोण म्हणालं? ऐक. पंचवीस मिनिटं पडून राहायचं होतं. डोळे बंद, कान बंद, दोन नळ्यांतून श्वास. पाचव्या मिनिटाला मला वाटलं, मी मरते. तेव्हा तुझ्या बापाने माझा हात धरला आणि मोजायला लागला. कान बंद होते, मला ऐकू येईना. म्हणून तो प्रत्येक आकड्याला हात दाबायचा. एक, दोन, तीन. बाराशेपर्यंत. स्वतः उठून पळाला होता, त्याची लाज वाटत होती त्याला, पण माझा हात सोडला नाही." ती थोडी थांबली. "आणि पुढे जन्मभर तो तोनिनाच घालून पोहला. शर्यतीतसुद्धा. डावा डोळा लालभडक घेऊन यायचा. इटलीहून चांगला मास्क कोणी दिला तरी घ्यायचा नाही. मी एकदा म्हटलं, अरे, गळतो तुला. तर म्हणाला, 'गळतो कुठे? तू येतेस आत.'"

फाबियान हसला, आणि मग त्याला टॉवेल तोंडावर धरावा लागला.

"उद्या तू घेऊन जा," ती म्हणाली. "काटे वर झालेत. फक्त एक सांगते. गोड्या पाण्याने धुवायला सांग. सावलीत ठेवायला सांग. आणि टाल्कम. तिथे कोण करणार आहे म्हणा."

"आणि तू?"

"मी डोळे मिटून पोहेन. रस्ता माहीत आहे."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितले. तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर फाबियानला सोपे गेले असते.

कॉफीच्या वेळी अतीलिओने पुन्हा एकदा, नोंद म्हणून, मत घेतले. फाबियानने सगळ्यांत आधी काटा वर केला. "मास्क मी नेतो," तो म्हणाला. "आणि काका, तो खराब झालेलाही एका डब्यात घालून द्या. कचऱ्यात टाकतो वाटेत."

"शाब्बास," अतीलिओ म्हणाला. "शेवटी रेन्झोचं रक्त."

लोरेनाने फाबियानकडे तुच्छतेने पाहिले. मिर्ताने मात्र खराब मास्क मखमलीसकट उचलून डब्यात ठेवला, झाकण लावले, वरून दोरा बांधला आणि फाबियानच्या हातात देताना क्षणभर डबा सोडला नाही. तिला काय वाटले कोण जाणे. पण तिने काही विचारले नाही.

*

सोमवारी पहाटेचे साडेपाच. उजाडू लागले होते. ऑफेलियाच्या मागच्या बोळाच्या फाटकाला कधीच कुलूप नसे. फाबियान पडवीत शिरला, हौदाजवळ उभा राहिला. खिळा मोकळा होता. भिंतीवर त्याच्याखाली चौपन्न वर्षांच्या पावडरीचा पांढरा डाग होता. त्याने मास्क टांगला. मग पुन्हा काढला, कारण कालच्या तालमीनंतर त्याला टाल्कम लावायचे राहून गेले होते. पावडरीचा डबा फळीवर होता. त्याला नीट जमेना. पावडर बाहीवर सांडली, चपलांवर सांडली. शेवटी मास्क मैदा लावलेल्या माशासारखा दिसू लागला. तो तसाच टांगून तो निघाला. आत किटली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा तो फाटकाबाहेर होता.

दालनाची किल्ली समितीचा सभासद म्हणून त्याच्याकडेच होती. त्याने मधली काचपेटी उघडली, दोरा सोडला आणि लाल मखमलीला चिकटलेले ते काळे प्रकरण मधोमध ठेवले. पितळ चकाकत होते. ऑलिव्हच्या तेलाचा वास थोडा आला, मग गेला. छापील कार्ड त्याने उलटे केले. मागची बाजू कोरी होती. पांढरी बोटे कार्डावर उमटू नयेत म्हणून ती पँटला पुसून त्याने पेनाने लिहिले:

"'तोनिना' मास्क, नमुना क्रमांक एक. चेहरा: ऑफेलिया ब्राकालेंती. तिचा हात धरून बाराशेपर्यंत मोजणारा: रेन्झो ब्राकालेंती."

त्याने थोडा विचार केला. नोनोंचे, म्हणजे आजोबांचे, नाव लिहिले, कारण साचा त्यांनीच घडवला होता. शेवटची छापील ओळ बदलण्यासारखी नव्हती, ती त्याने तशीच उतरवून काढली: "जतन: ब्राकालेंती कुटुंब."

कार्ड उभे केले, पेटीला कुलूप लावले. दहा वाजता अतीलिओ येणार होता, गळ्यात टाय, खिशात भाषण. अध्यक्ष येणार होते. छायाचित्रकार येणार होता. तोपर्यंत बराच वेळ होता.

दालनाच्या खिडकीतून बांध दिसत होता. गळ टाकून बसलेल्यांपैकी एकाने हात वर केला, काहीतरी विचारले. पाण्यात एक पांढरी रबरी टोपी लाल बोयाकडे निघाली होती, संथ, न थांबता. बोयाशी पोहोचल्यावर ती वर आली, तिने बोयाला हात लावला आणि किनाऱ्याकडे वळून पाहिले. मान सरळ होती.